कुजबुजत होती म्हणे

आमच्या घरात कोणी नुसतं येत नसे. एक तर टपकत असे, नाहीतर कडमडत असे, आणि पाहुणा आईच्या माहेरचा असला तर उगवत असे. जाणाराही कधी सरळ गेला नाही; तो सटकला किंवा त्यानं काढता पाय घेतला. कोणी हसलं तर त्यानं दात काढले, कोणी पोटभर जेवलं तर ताटावर तुटून पडलं, आणि कोणी गप्प बसलं तर मग विचारूच नका, त्याच्या मनात नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं. ही सगळी भाषा आमच्या मोठीआईची. मोठीआई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा फार लवकर वारले, मूलबाळ नव्हतं, माहेरी विचारणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे राहिली, आणि राहिली ती घरची मालकीण होऊन. माझी मोठी बहीण नलू आणि मी, आम्हा दोघींना तिनंच न्हाऊमाखू घातलं. आईनं स्वयंपाकघर सांभाळायचं आणि मोठीआईनं उरलेलं सगळं जग, अशी दोघी जावांनी कामं वाटून घेतली होती.

घर आष्टीच्या बाजाररस्त्यावर. पुढे बाबांचं कापडाचं दुकान, मागे आम्ही. मधल्या भिंतीला दार होतं, पण ते कधी लावल्याचं मला आठवत नाही. तिथं विटक्या फुलांचा एक पडदा लोंबत असायचा. त्या पडद्यामागं बसून आम्ही भाजी निवडली, अभ्यास केला, वेण्या घातल्या, आणि दुकानात कोण काय बोललं ते सगळं ऐकलं. पुढून कोऱ्या कापडाचा वास यायचा आणि मागून अंबाडीच्या भाजीचा, आणि पडद्यापाशी ते दोन्ही वास एकत्र व्हायचे. समोर, रस्त्यापलीकडे, पिठाची चक्की. सकाळी चक्की सुरू झाली की पट्ट्याची फटफट चालू व्हायची आणि आम्ही एकमेकींशी मोठ्यानं बोलायला लागायचो. लाइन गेली की चक्की एकदम थांबे आणि आमचं बोलणं तेवढं रस्त्यावर उघडं पडे. मी अजूनही फोनवर ओरडून बोलते, असं माझी सून म्हणते. 'ओरडून' हा तिचा शब्द. मी मोठ्यानं बोलते.

चक्की चालवणाऱ्या बाईला आमच्या घरात नाव नव्हतं. ती चक्कीवाली. तिचं नाव कमलाबाई आहे हे मला माहीत होतं, पण ते कधी तोंडात आलं नाही. नवरा शेतावर असायचा, चक्की तीच बघायची. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, भुवया कायम पिठानं पांढऱ्या. मधूनमधून ती चक्कीच्या दारात येऊन उभी राहायची. आता ज्या खोलीत दिवसभर पीठ उडतं तिथलं माणूस घटकाभर वाऱ्याला येणारच. पण हे मी आज म्हणते. तेव्हा मोठीआई म्हणायची, "आली पाह्य डोकवाले." आणि आम्ही मान वर करून पाहिलं की ती खरंच डोकावताना दिसायची. तिनं उन्हासाठी कपाळावर हात धरला तर ती टेहळणी करत असायची. तिनं दार लोटून घेतलं तर तिला काहीतरी लपवायचं असायचं. एकदा आईनं भीतभीत म्हटलं, "बाई, रस्त्याची धूळ येत असन, म्हनून लावते दार." मोठीआई म्हणाली, "तू भोळी हाय." हा शब्द तिनं आईसाठीच राखून ठेवलेला होता, आणि तो एकदा लागला की आईचं बोलणं तिथंच संपायचं. भोळ्या बाईचं म्हणणं कोण मनावर घेतो?

आमच्याकडे सोयरीक ठरवायची तर आधी चौकशी व्हायची. आजही होते म्हणा, फक्त आता मोबाइलवरचे फोटो चाळून होते. तेव्हा मुलाकडचा एखादा वयस्क माणूस बाजाराच्या दिवशी, कोणाला न कळवता, मुलीच्या गावात यायचा. आपण कोणाकडून आलो हे तो सांगत नसे. हातात रिकामी पिशवी, पायात नवी चप्पल, आणि ज्या वस्तू घ्यायच्याच नाहीत त्यांचे भाव विचारत तो मुलीच्या घराच्या आसपास घुटमळायचा. पानठेल्यावर थांबायचा, चक्कीवर थांबायचा, आमच्या दुकानात बसून लुगड्याचा पोत पाहता पाहता विचारायचा, "ते कोपऱ्यावरचं घर कोनाचं जी? पोरगी कशी काय हाय?" आम्ही अशा माणसांना पिशवीवाले म्हणायचो. बाबांची त्यांच्यात मोठी पत होती. बाबा बोलण्याआधी शब्दसुद्धा कापडासारखा चिमटीत धरून पाहायचे. मुलगी 'हुशार' आहे म्हणायचं नाही, ऐकणाऱ्याला ती आगाऊ वाटते, 'समजदार' म्हणायचं. 'गरीब स्वभावाची' म्हटलं तर लोकांना वाटतं पोरीत काही खोट असेल, 'शांत' म्हणायचं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे 'आमाले काई मालूम नाई'. इतकी वर्षं शेजारी राहून मालूम नाही म्हणतो, म्हणजे सांगण्यासारखं नाही, एवढं पिशवीवाला बरोबर समजून घ्यायचा आणि पुढच्या बसनं परत जायचा. अशी एकदोन स्थळं परत गेलेली मी पडद्यामागून पाहिली आहेत. बाबांनी नाही, दुसऱ्या दुकानदारांनी घालवलेली, असं बाबा म्हणायचे.

दुसऱ्यांच्या मुलींसाठी शब्द असे जपून वापरायचे, पण आपल्या मुलींचं कौतुक मात्र घरात कोणी करायचं नाही. दृष्ट लागते. मोठीआई याबाबतीत फार कडक. जिच्यावर जीव जास्त, तिच्या वाट्याला वाईट बोलणं जास्त. मला ती फार तर आळशी म्हणायची, त्यावरून मी काय ते समजून होते. नलू तिचा प्राण. नलूचे केस कमरेखाली, नलू कॉलेजात पहिली, नलूचा आवाज गोड, म्हणून नलू ध्यान होती, भवानी होती, उंडगी होती. नलू पहिल्या श्रेणीत पास झाली तेव्हा मोठीआईनं तिच्यावरून मीठमिरची ओवाळून चुलीत टाकली, आणि पेढे घ्यायला आलेल्या बाईला सांगितलं, "झाली कशीबशी पास." नलू आत हसत होती. घरच्यांना या बोलण्याचा अर्थ बरोबर कळायचा.

तर या नलूला स्थळ आलं. मुलगा वर्ध्याला सरकारी नोकरीत, वडील नव्हते, काका कर्ते. आईचे चुलतभाऊ, आर्वीचे मामा, यांनी आणलेलं स्थळ. पाहायला आले त्या दिवशी आईनं सांभारवडी केली होती. कोवळ्या सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, बेसनाच्या पारीत गुंडाळलेली, वरून कुरकुरीत आणि आतून ओलसर, अशी वडी मला अजून जमत नाही. मुलानं पहिलाच घास घेतला आणि आतलं गरम सारण त्याच्या टाळूला लागलं. तोंड उघडावं की मिटावं हे त्याला कळेना. डोळ्यांत पाणी आलेलं, आणि वरून "छान आहे, छान आहे" म्हणतो. नलूनं खाली मान घातलेली होती, पण तिचे खांदे हलताना मी पाहिले. त्यानंतर ती कपडे वाळत घालताना गुणगुणायला लागली. एकदा तिनं मला सहज विचारलं, वर्ध्याला जायला बसला किती वेळ लागतो गं. वर्ध्याला ती दहादा जाऊन आली होती. मी म्हटलं, "आवडला वाट्टे?" तर म्हणाली, "चूप बस, मंगे." मग मुलाकडून पसंतीचा निरोप आला. आता फक्त घरातल्या मोठ्यांची बोलणी उरली होती. नलूचं सगळं लक्ष तिकडे लागलेलं मला दिसत होतं. मोठीआईलाही दिसत असणार, कारण त्या दिवसांत ती नलूला नावं ठेवताना थकत नव्हती.

बोलणी व्हायच्या आधीच्या बाजाराची गोष्ट. बाजाराच्या दिवशी दुपारी बाबा जेवायला आत आले की गादीवर मोठीआई बसायची. खेड्यांवरची माणसं यायची, पंचे, टॉवेल, लुगडी, पोरांच्या चड्ड्यांचं कापड, नुसता गलबला. मी बाहेरच्या ओट्यावर थान गुंडाळत होते. समोर पाहते तर चक्कीच्या दारात एक म्हातारा उभा. नवी चप्पल, हातात रिकामी पिशवी. चक्कीवाली त्याला लोट्यानं पाणी देत होती. तो प्यायला, तोंड पुसलं, काहीतरी विचारलं. ती बोलत होती, आणि बोलता बोलता तिनं एकदा आमच्या घराकडे हात केला. मी आत जाऊन सांगितलं, "पिशवीवाला आला हाय वं. चक्कीवर हाय." आईच्या हातातला डाव तसाच राहिला. मोठीआई गादीवरून उठून दारात आली तोवर म्हातारा बाजाराच्या गर्दीत शिरला होता. तिला फक्त त्याची पाठ दिसली. ती म्हणाली, "अन् सारी आष्टी सोडून त्याले हेच बाई सापडली!"

चार-आठ दिवसांनी आर्वीचे मामा आले. आईनं पाणी दिलं ते त्यांनी न पिता खाली ठेवलं.

"त्याईनं नाई म्हटलं," मामा म्हणाले.

"काऊन?" बाबांनी विचारलं. "पसंती त कळवली होती."

"चौकशीत आलं म्हनते. पोरीचं घरात मन नाई, कामाकडं लक्ष नाई, तोंडानं फटकळ हाय. तुमच्याच इथल्या एका बाईनं सांगतलं."

बाहेर चक्कीची फटफट चाललेली. मग मोठीआई म्हणाली, "चक्कीवाली." एवढंच. तिनं आवाजही चढवला नाही.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं ते मी आयुष्यभर विसरले नाही. सगळे जण मला विचारत होते, कारण पाहिलेलं मी एकटीनं. मी म्हटलं, तिनं पाणी दिलं आणि बोलली. "काय बोलली?" ते ऐकू आलं नाही. "म्हंजे हळू बोलत होती." चक्की चालू असताना हळू बोललेलं कोणाला ऐकू जाणार, हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मी म्हटलं, हो, हळूच असेल. मोठीआई म्हणाली, "कुजबुजत होती मंग." आई म्हणाली, हातही केला म्हणे आपल्या घराकडे. मोठीआई म्हणाली, "बोट दाखवून दाखवून सांगतलं." रात्रीच्या भाकरी होईपर्यंत ही गोष्ट पुरती तयार झाली होती. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगताना मीच म्हणाले, ती त्याच्या कानाला लागून कुजबुजत होती. आणि मला ते दिसत होतं हो! तिची मान वाकलेली, तोंडावर पदराचा आडोसा, म्हातारा हुं हुं करतो आहे. आज मला पक्कं ठाऊक आहे की असं काही झालं नव्हतं. तरी डोळे मिटले की मला पाण्याचा लोटा दिसत नाही, तो पदरच दिसतो. डोळ्यांनी पाहिलं एक, आणि मोठीआईच्या शब्दानं ते पुसून त्या जागी दुसरंच काढलं. म्हणून आता कोणी शपथेवर सांगू लागलं, 'मी प्रत्यक्ष पाहिलं,' की मी त्याला आधी विचारते, पाहिल्यावर घरी कोणाशी बोललास?

नलू आमच्यासमोर रडली नाही. दोन दिवस तिनं नीट खाल्लं नाही आणि मग पूर्वीसारखी कामाला लागली, फक्त गुणगुणणं थांबलं. गावात लोक म्हणू लागले, नलूचं मोडलं. ज्यांनी मोडलं त्यांचं नाव त्या वाक्यात कुठंच नाही. ऐकणाऱ्याला वाटावं नलूच कुठंतरी मोडली आहे. त्यानंतर आलेली स्थळं 'आधीचं काऊन मोडलं?' एवढं विचारून परत गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी नलूनं सेवाग्रामला नोकरी धरली आणि लग्न स्वतःचं स्वतः जमवलं, चौकशीला कोणाला वावच ठेवला नाही. पण तोवर तिच्या उमेदीची वर्षं त्या पडद्यामागं गेली. त्या वर्ध्याच्या मुलाचा विषय अजूनही मी तिच्यापुढे काढत नाही.

चक्कीवालीशी आमचा सगळा व्यवहार तुटला. दळण बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जायला लागलं. डोक्यावर डबा घेऊन मी रोजच्या चक्कीवरून पुढे जायची, मान ताठ करून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं गेलं नाही, आणि आमचं पाहून आजूबाजूच्या दोनचार घरांनीही तिला वगळलं. ती कधी भांडायला आली नाही. मोठीआई म्हणायची, "येईनच काऊन? खरं हाय म्हनून तोंड लपवते." ती आली असती तर मोठीआईनं म्हटलं असतं, खरं आहे म्हणूनच वसकन अंगावर येते. मला हे तेव्हाही कळायला हवं होतं, इतकी काही मी मठ्ठ नव्हते. पण घरात सगळ्यांचं एकच मत असलं की जेवण गोड लागतं.

अशी दोनेक वर्षं गेली. मग एका बाजारी आमच्या दुकानात एक पिशवीवाला येऊन बसला. मी आणि नलू पडद्यामागं मेथी निवडत होतो. बाबा गादीवर, मोठीआई कपाटापाशी. माणसानं दोन लुगडी उलगडली, पुन्हा घडी केली, आणि विचारलं, "समोर चक्की हाय, त्याईची पोरगी रंजना. कशी हाय जी? तुमी शेजारचे, तुमाले माहीत असन."

मी मेथी खाली ठेवली. मोठीआई वळली नाही, पण तिचा हात कपाटावर थांबलेला मला पडद्याच्या फटीतून दिसला. घरात आतापर्यंत ज्याची वाट पाहिली ती वेळ आली होती. बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला. ते वाईट बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. वाईट बोलायची गरजच नव्हती. ते म्हणाले, "आता काय सांगू भाऊ, आमाले तं..." आणि पुढचा शब्द निघायच्या आत नलू पडदा सारून बाहेर गेली. दुकानात परका माणूस असताना आम्ही मुली कधी पुढे जात नव्हतो.

"रंजना ना?" नलू म्हणाली. "माही मैत्रीन हाय ते. समजदार हाय, शांत हाय. माय चक्की पाह्यते, अन् सारं घर तेच सांभाळते. अशी पोरगी तुमाले दुसरी नाई भेटनार."

बाबांचेच शब्द, बाबांसमोर. माणसानं बाबांकडे पाहिलं. बाबा काय करणार? मान हलवली. माणूस नमस्कार करून उठला आणि सरळ चक्कीकडे गेला. त्याच्यामागं आमच्या दुकानात जे सुरू झालं ते चक्कीच्या आवाजातही रस्त्यावर गेलं असेल. वैरिणीची बाजू घेते, घरातच साप पाळला, जिनं हिचं वाटोळं केलं तिच्याच पोरीचं बाशिंग हिच्या हातानं बांधते! नलू एक शब्दही न बोलता परसात निघून गेली. रंजनाशी तिची मैत्री असल्याचं मला तरी माहीत नव्हतं. मला संशय आला. संशय यायला आमच्या घरात वेळ लागत नसे. मी मागोमाग गेले.

"तुले तिनं काई चारलं हाय का?" मी विचारलं. "काऊन सांगतलं असं?"

नलू दोरीवरचे कपडे काढत होती. "तो म्हातारा तुले आठवते?" तिनं विचारलं. "माह्या वेळचा?"

"आठवते त. नवी चप्पल अन् रिकामी पिशवी."

"पिशवी रिकामी नव्हती," नलू म्हणाली. "पंचा होता तिच्यात. आपल्याच दुकानातला. चक्कीवर जायच्या आधी तो आपल्याकडं येऊन गेला, मंगे. तू ओट्यावर यायच्या आधी. बाबा जेवाले बसले होते."

ती हळू आवाजात सांगत राहिली. बाबा मागे स्वयंपाकघरात होते, आणि ती पडदा सारून डोकावली तेव्हा त्या म्हाताऱ्यानं तिला पाहिलं आणि गादीवरच्या बाईला विचारलं, ही पोरगी कोण? त्यानं पंचा विकत घेतला होता, भाव करून घेतला होता, म्हणून मोठीआईला तो खेड्यावरचं साधं गिऱ्हाईक वाटला. पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी बाई दुकानात बसलेली पाहून त्याला वाटलं असेल, ही कामाला ठेवलेली. आणि परक्या माणसानं आपल्या लेकीकडे निरखून पाहिलं की मोठीआई जे करायची तेच तिनं केलं. दृष्ट लागू नये म्हणून ती बोलली, "ते? नुसतं ध्यान हाय. पुस्तकात डोकं खुपसलं का चूल विझली तरी पत्ता नाई. घरात पाय टिकत नाई. अन् जीभ म्हनजे कैची."

"मी पडद्यामागं हसत होती," नलू म्हणाली. "मामा आले, अन् त्याईच्या तोंडून तेच शब्द वापस आले, तवा समजलं."

"अन् तू सांगतलं नाई?"

"कोनाले सांगू? मोठीआईले?" नलूनं माझ्याकडे पाहिलं. "मी चक्कीवर गेलती. म्हटलं, मी घरी सांगते, तुमच्यावर आळ नको. तर तिनं मले शपथ घातली. काऊन, ते तिलेच विचार."

खरं सांगते, तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं की या बाईचा यात काही डाव असेल. नलूला हाताशी धरून आपल्या पोरीचं जमवलं, असंही मनात येऊन गेलं. रात्रभर मी तेच घोळवत राहिले. सकाळी ज्वारीचा डबा उचलला आणि इतक्या दिवसांनी सरळ रस्ता ओलांडून समोरच्या चक्कीवर गेले. चक्कीवालीनं मला पाहिलं आणि डबा घ्यायला हात पुढे केला नाही.

"कोनं पाठवलं?" तिनं विचारलं.

"कोनंच नाई."

तिला ते खरं वाटलं नाही. आमच्या घरचं माणूस आपणहून आलं हे ती का मानेल? तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग काय मनात आलं, मागे हात नेऊन बटण दाबलं. फटफट मंद होत होत थांबली. इतकं शांत झालं की आमच्या दुकानात बाबा गिऱ्हाइकाशी बोलत होते ते ऐकू यायला लागलं.

"घरी समजलं का काई?" तिनं विचारलं, आणि तिच्या आवाजात भीती होती.

"नलूनं मलेच सांगतलं. मोठीआईले मालूम नाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. पीठ पुसलं गेलं आणि पहिल्यांदा मला तिचा नीट चेहरा दिसला. "काकू, तुमी काऊन सोसलं हे?" मी विचारलं. काकू हा शब्द मी तिच्यासाठी कधी वापरला नव्हता, तो कसा आला कोणास ठाऊक.

"मी तं त्या म्हाताऱ्याले चांगलंच सांगतलं होतं तुह्या बहिनीचं. त्याले पटलं नाई," ती म्हणाली. "अन् माह्याबद्दल त तुमच्या घरी रोजच बोलतात. सवय हाय मले. त्यात हे एक. पन तुह्या मोठीआईले या जगात नलीशिवाय कोन हाय वं? आपल्याच तोंडानं आपन तिचं मोडलं, हे तिले समजलं, त म्हातारी जगन का?"

मला रडू आलं. मी तोंड फिरवलं, तर समोर आमच्या दुकानाच्या दारात मोठीआई येऊन उभी राहिली होती आणि इकडेच पाहत होती. काकूंनीही तिला पाहिलं. त्यांनी माझा डबा उचलून माझ्याच हातात कोंबला, आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ओली जवारी आनते अन् दळून मागते! घेऊन जाय आपला डबा! पुन्हा पाऊल नको ठेवू इथं!" आणि चक्की सुरू केली.

मी रस्ता ओलांडून परत आले. मोठीआईनं मला हाताला धरून आत घेतलं, माझ्या डोळ्यांतलं पाणी आपल्या पदरानं पुसलं.

"समजलं ना आता, कशी बाई हाय ते?" ती म्हणाली.

"समजलं," मी म्हटलं, आणि डबा घेऊन आत गेले.